शेजारच्या खुर्चीतला ताल

चेन्नईच्या सभागृहात पहिल्यांदा कर्नाटक गाणे ऐकायला बसलेल्या मराठी माणसाचे डोळे व्यासपीठावर फार वेळ टिकत नाहीत. ते वळतात आजूबाजूच्या हातांकडे. आपल्या मैफलीत समेवर माना डोलतात, एखादी दाद निघते, बाकी शरीर स्वस्थ असते. इथे रांगच्या रांग मांडीवर ताल धरून बसलेली. निवृत्त बँक अधिकारी, कांजीवरम नेसलेल्या आजीबाई, शाळेतून थेट आलेली मुलगी, सगळ्यांचे उजवे हात एकदम पडतात आणि एकदम उलटतात. आदि ताल असेल तर आधी तळव्याची थाप, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट एकेक करून टेकवायचे. मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. झाल्या आठ मात्रा. गायकही गाता गाता हेच करत असतो, सगळ्यांना दिसेल असे. आपल्याकडे तबला ठेका धरतो आणि त्या भरवशावर गायक आणि श्रोते दोघेही निवांत असतात. इथला मृदंग ठेका धरत नाही. तो गाण्याच्या ओळीबरोबर चालतो, तिला साज चढवतो, कधी तिच्याशी वादही घालतो. म्हणून ताल राखायचे काम हातांकडे येते आणि सभागृहातला प्रत्येक माणूस त्या कामात वाटेकरी होतो.

मी या शहरात नोकरीसाठी आले ती कान ख्यालावर पोसून. घरी मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताईंच्या ध्वनिफिती, डिसेंबरात पुण्याला सवाई, आणि आषाढीच्या सकाळी भीमसेनजींचे अभंग. कर्नाटक संगीत म्हणजे आदराने दूर ठेवायची गोष्ट, असेच आमच्याकडे वातावरण होते. ते दूरपण मोडले मैलापूरच्या एका सभेत (गाणे भरवणाऱ्या संस्थेला इथे सभा म्हणतात), शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका मामींनी. इथे वयाने मोठ्या बाईला मामी म्हणायची रीत आहे, ओळख असो वा नसो. माझा चाचपडणारा हात त्यांनी पाहिला, न बोलता मनगट धरले आणि माझ्याच मांडीवर ताल घालून दिला. कृती, म्हणजे बांधीव रचना, सुरू झाली तेव्हा एवढेच म्हणाल्या, ‘थाप पडू दे मा, शब्द मागून येतो.’ खरोखरच शब्द मागून आला, अर्धी मात्रा सोडून. ओळ उचलण्याच्या या जागेला इथे ‘एडुप्पु’ म्हणतात. ती समेवर असेलच असे नाही. पुढे गायक कल्पनास्वर, म्हणजे ऐनवेळी सुचलेली सरगम, घेतो तेव्हा कितीही लांब गेला तरी त्याला नेमके त्या अर्ध्या मात्रेच्या फटीत परतायचे असते. हात ताल मोजत नसेल तर त्या परतण्यातली निम्मी गंमत हातची जाते. ख्यालातल्या तिहाईचा आनंद ज्याला ठाऊक आहे त्याला हे कळायला वेळ लागत नाही. फक्त कोणीतरी मनगट धरावे लागते.

गाणे पुस्तकातून कळते यावर माझा फारसा विश्वास नाही. राग ओळखायला, जागा ऐकायला, काय सोडून द्यायचे आणि कुठे कान टवकारायचे हे शिकायला शेजारी माणूस लागतो. चेन्नईचे वैभव मला विचाराल तर इथले मोठे गायक जसे आहेत तसे इथले श्रोतेही आहेत, आणि ते श्रोते आपला आनंद मुठीत धरून बसत नाहीत.

कच्चेरी, म्हणजे इथली मैफल, हिची घडी ठरलेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी ती बसवली. आधी वर्णम्, मग गणपतीची किंवा दुसरी एखादी आटोपशीर कृती, मग वाढत जाणाऱ्या कृती, मधोमध मोठा राग, त्यात आलापना, निरवल (एकच ओळ घोळवत केलेला विस्तार), कल्पनास्वर आणि शेवटी तालवाद्यांचे तनि आवर्तनम्; कधी रागम्-तानम्-पल्लवी; त्यानंतर हलकी पदे आणि मंगलम्. दोन-अडीच तासांत आठ-दहा राग होऊन जातात. ख्यालाच्या कानाला सुरुवातीला ही फार घाई वाटते. पूरियाच्या एका निषादावर पाव तास काढलेल्या माणसाला पाच मिनिटांची आलापना म्हणजे दारातूनच परत पाठवल्यासारखे वाटते. माझीही सुरुवातीची तक्रार हीच होती.

मामींचे उत्तर सरळ होते: ‘राग आलापनेतच शोधू नकोस, कृतीत शोध.’ ते पटायला बरेच ऐकावे लागले. ख्यालाची बंदिश ही निघण्याची जागा आहे, तिच्यावरून उडी घेऊन गायक आपला राग मांडतो. त्यागराजांच्या किंवा मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृतीत रचनाकाराने स्वतः राग मांडून ठेवलेला असतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी अधिक उलगडलेली. या संगती म्हणजे पिढ्यान् पिढ्या तावून सुलाखून ठरलेला विस्तार. श्रोत्याला त्या पाठ असतात. तरीही, किंवा त्यामुळेच, ठरलेली संगती ठरल्या जागी अचूक पडली की सभागृहातून ‘आहा’ उमटते. नव्याची वाट पाहणे हा ऐकण्याचा एक प्रकार झाला. ओळखीच्या गोष्टीची वाट पाहणे हा दुसरा, आणि कीर्तनाला बसणाऱ्या मराठी माणसाला तो परका नाही.

मग सुरू झाली रागांची ओळखपाळख. मोहनम् म्हणजे आपला भूप, कल्याणी म्हणजे यमन, हिंदोळम् म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा. कागदावर हे सगळे खरे आहे. कानावर मात्र कोडे पडते, कारण स्वर तेच असून त्यांची वागणूक वेगळी. सगळ्यांत मोठा धक्का तोडीचा. कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे. पण भैरवीचा तो हळवा, निरोपाचा भाव इथे शोधाल तर सापडणार नाही. मामींनी युक्ती सांगितली: बाकी सगळे सोड, आधी फक्त ‘ग’ ऐक. मी ऐकू लागले. तोडीचा कोमल गंधार जागेवर उभाच राहत नाही. तो रिषभाला शिवतो, मध्यमाकडे झुकतो, मध्येच हेलकावतो आणि त्या हेलकाव्यालाच गंधार म्हणायचे असते. मध्ये स्थिर ‘ग’ लावला तर तोडी संपली. मग त्यांनी टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांची नादस्वरावरची तोडी ऐकवली. नादस्वर हे देवळाच्या आवारात, मोकळ्या आभाळाखाली वाजवायचे वाद्य. आपल्या सनईपेक्षा लांब आणि धिप्पाड. त्या आवाजात तो गंधार असा झुलतो की आपण भैरवी विसरून जातो. माझ्या मते कर्नाटक संगीतात शिरण्याचा सर्वांत चांगला दरवाजा हाच. मोहनम् किंवा हंसध्वनीने सुरुवात करा असे सगळे सांगतात, कारण ते सोपे. पण सोप्या दारातून आत गेलेला माणूस बहुधा ओसरीवरूनच परततो.

सभेत येणाऱ्या जुन्या श्रोत्यांपाशी बारीक वही असते. तारीख, गायक, साथीदार, आणि मग एकाखाली एक कृती, राग, ताल. गायकाने आलापना सुरू केली की पहिल्या दोन-तीन स्वरांत कुजबुज उठते, वहीत नाव पडते, शंका असेल तर शेजाऱ्याला विचारले जाते, आणि शेजारी कधीही नाराज होत नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, हे अख्ख्या शहरभर चालते. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जोडून संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली आणि तिच्या वार्षिक परिषदेभोवती हा ‘सीझन’ वाढत गेला. आता नारद गान सभा, कृष्ण गान सभा, मैलापूर फाइन आर्ट्‌स, १९०० साली स्थापन झालेली पार्थसारथी स्वामी सभा, अशी कितीतरी नावे आणि शेकडो कच्चेऱ्या. उपाहारगृहातली कॉफी आणि कीरै वडै यांच्याविषयी लोक भरभरून लिहितात. त्या चवीबद्दल वाद नाही. मला लिहायचे आहे ते दुपारच्या कच्चेऱ्यांविषयी. बारा, दोन या वेळा नवोदितांच्या, बहुतेक ठिकाणी तिकीट नसते, आणि प्रचंड सभागृहात मोजकी डोकी विखुरलेली. विशी-बाविशीतली मुलगी भैरवी (इथली भैरवी, आपली नव्हे) असा अवघड राग निवडते आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे जीव ओतून गाते. संध्याकाळच्या मोठ्या नावांपेक्षा माझ्या वहीत या दुपारीच जास्त आहेत.

एका अशाच दुपारी मी पहिल्या रांगेत होते. मृदंगवादकाने वाद्य मांडीवर घेण्याआधी छोट्या डबीतून भिजवलेला रवा काढला, अंगठ्याने मळला आणि डाव्या पुडीच्या मधोमध थापला. थोडा लावायचा, वाजवून पाहायचे, थोडा काढायचा. कच्चेरी संपली की तो खरवडून टाकतात. पुढच्या वेळी पुन्हा ताजा. मला आळंदीच्या वाटेवरचे पखवाजी आठवले. ते धुमावर, म्हणजे डाव्या पुडीवर, कणीक लावतात, तशीच अंगठ्याने, तशीच अंदाज घेत. हजार किलोमीटरवर दोन कलाकार पिठाच्या गोळ्याने एकच खर्ज शोधतात. हे पाहिल्यापासून उत्तर-दक्षिणेच्या भेदावरची भाषणे माझ्याच्याने ऐकवत नाहीत.

आणि मग अभंग. कच्चेरीच्या शेवटी, मुख्य राग झाल्यावर, गायक हलके होतात. तेव्हा नामदेवांचा किंवा तुकोबांचा अभंग येतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तमिळ श्रोते विठ्ठलाच्या गजरात सामील होतात. पहिल्यांदा हे अनुभवताना माझ्या अंगावर काटा आला होता. हे अभंग आजच्या मंचावर रूढ करण्यात अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनींचा वाटा मोठा, आणि या तिघीही मुंबईत वाढलेल्या. पण मुंबईहून आलेली ही नवी लाट आहे असे समजण्याचे कारण नाही. तमिळ मुलखातल्या भजन संप्रदायात अभंग कितीतरी आधीपासून गायले जातात. वंदवासीजवळच्या तेन्नांगूरला पांडुरंगाचे देखणे देऊळ आहे, कुंभकोणम्‌जवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचे संस्थान आहे, आणि दोन्ही ठिकाणी गर्दी करणारा भक्त तमिळ बोलतो.

ही मुळे तंजावरात पोचतात. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. १८५५ पर्यंत ते टिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत पालखीसेवेचे यक्षगान लिहिले आणि मराठीत नाटके लिहिली, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा शास्त्रग्रंथ रचला. दुसऱ्या सरफोजींच्या काळात नृत्यासाठी मराठी निरूपणे तयार झाली, आणि ज्या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमचा क्रम बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु याच दरबारातले. तंजावरपासून काही कोसांवर तिरुवैयारूला त्यागराज (१७६७–१८४७) राहत होते. आपल्या शाळेच्या इतिहासात तंजावर म्हणजे शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय. संगीताच्या इतिहासात मात्र तंजावर हे कर्नाटक संगीताचे हृदय आहे आणि जवळपास पावणेदोनशे वर्षे त्या हृदयाला मराठी माणसांचा आश्रय होता.

मला स्वतःला या साऱ्या कथेत सर्वांत जवळचे वाटतात ते रामचंद्रबुवा मोरगावकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कीर्तनकार तंजावरला आले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर नावाच्या तरुणाने ते तंत्र उचलले आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. कथा तमिळ, मध्ये संस्कृत श्लोक, त्यागराजांच्या कृती, आणि आख्यान पुढे सरकवायला साकी, दिंडी, ओवी, अभंग. या नावांसकट, या चालींसकट. पुढे सी. सरस्वतीबाई यांनी स्त्रियांना या व्यासपीठाची वाट खुली केली. आजही इथली हरिकथा ऐकायला बसलात तर तमिळ शब्दांच्या मधूनच दिंडीची चाल कानावर पडेल आणि तुम्ही चमकून आजूबाजूला पाहाल. मोरगावकरबुवांचे नाव महाराष्ट्रात किती जणांनी ऐकले असेल? त्यांच्याकडून घेणाऱ्यांनी ते जपून ठेवले, आपण नाही.

मामींकडे अभंगांची एक वही होती, लग्नाआधीची. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना अक्षर एकच. म्हणून प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे घातलेले. त्या आकड्यांवरून त्यांनी पन्नास वर्षे तुकोबा गायले होते, मराठीचा गंध नसताना. वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ‘वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे.’ मी हळूहळू वाचत गेले, त्या जिथे गरज वाटली तिथे आकडा बदलत गेल्या. पुंडलिकाची कथा त्यांना माझ्याहून बारकाईने ठाऊक होती. त्यांनी विचारले ते वेगळेच. लोक खरेच चालत जातात का? म्हातारेसुद्धा? पावसात? मी त्यांना देहू-आळंदीच्या पालख्या सांगितल्या, दिवेघाट सांगितला, गळ्यात पखवाज अडकवून चालणारे लोक सांगितले, रिंगणात धावणारा घोडा सांगितला. त्या सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘मग हे गाणे चालण्याचे आहे. बसून गातो आम्ही, म्हणून संथ होते.’ त्यानंतर त्यांच्या भजनात अभंग किंचित चढ्या लयीत येऊ लागले.

माझ्याकडून त्यांना काय द्यावे, हा प्रश्न होताच. आधी किशोरीताईंचा भूप लावला. मोहनम् हे त्यांनी क्षणात ओळखले, आवाजावर त्या खूश झाल्या, पण विलंबित सुरू होताच त्यांचा हात मांडीवर अडून राहिला. ‘ताल कुठे आहे?’ इतक्या संथ आवर्तनात हाताने मोजायचे तरी काय, त्यांना कळेना. मी त्यांना ताल सोडायला सांगितले, आणि त्यांना ते जमेना. वयाच्या पाचव्या वर्षापासून धरलेला हात असा सुटत नाही. मन्सूर जास्त जवळ आले, कारण त्यांचा मध्यलयीचा तीनताल मोजता येतो. पण खरा रस्ता उघडला अब्दुल करीम खाँसाहेबांनी. जुनी तीन मिनिटांची तबकडी, खरखर, आणि त्या खरखरीतून येणारा तो बारीक, तहानलेला स्वर. मामी पुढे सरकून बसल्या. मग मी मुद्दाम मागे ठेवलेली तबकडी लावली: खाँसाहेबांच्या आवाजात त्यागराजांची खरहरप्रिया रागातली ‘राम नी समानमेवरु’. तेलुगू उच्चार थोडे वेगळे, गमक त्यांचे स्वतःचे, पण रचना त्यागराजांची आणि भाव खरा. मामींनी ती तीनदा ऐकली. त्यांच्या मते उच्चारांत सुधारणेला जागा होती, श्रद्धेत नव्हती.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराण्याचा. पण त्यांचे घर झाले मिरज. म्हैसूरच्या दरबारामुळे त्यांचे दक्षिणेत येणे-जाणे सुरू झाले आणि कर्नाटक संगीत त्यांनी पाहुण्यासारखे न ऐकता शिष्यासारखे ऐकले. त्यांच्या सरगमवर त्याचा ठसा उघड आहे. मद्रासच्या जॉर्जटाउनमध्ये वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) यांच्या घरी शुक्रवारच्या संध्याकाळी वीणा ऐकायला मोजके जाणकार जमत; खाँसाहेबही तिथे जाऊन बसल्याचे सांगतात. दोन्ही पद्धतींतली इतकी मोठी माणसे एका लहानशा खोलीत एकमेकांचे ऐकतात, हे चित्रच मला पुरेसे वाटते.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासला गायले आणि पाँडिचेरीकडे निघाले. गाडीत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या लहान स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले, त्यांनी नमाजाचे शब्द स्वरांत म्हटले असे सांगतात, आणि २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.

सिंगपेरुमाळ कोविल आता चेन्नईच्या लोकलच्या रस्त्यावर आहे, चेंगलपट्टूच्या थोडे आधी. गाडी क्षणभर थांबते, कारखान्यांच्या पाळीवरची माणसे उतरतात-चढतात. मामी आणि मी एकदा मुद्दाम उतरलो. बाकावर बसून मामींनी हलक्या आवाजात ती खरहरप्रिया म्हटली. शेजारी डबा उघडून बसलेल्या एका तरुणाने चौकशी केली, तेव्हा मामींनी त्याला खाँसाहेबांची सगळी हकीकत तमिळमध्ये ऐकवली, मिरजेसकट. त्याने पुढची गाडी जाऊ दिली.

त्याच्या बरेच आधी, १९०४ मध्ये, पंडित भातखंडे वही घेऊन याच मुलखात हिंडले होते. मुंबईचा वकिलीचा धंदा, आणि ध्यास हिंदुस्थानी रागांना शिस्त लावण्याचा. मद्रास, तंजावर, मदुरा करत ते एट्टयपुरमला संगीतपंडित सुब्बराम दीक्षितांकडे पोचले. वेंकटमखींच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तली बहात्तर मेळांची मांडणी त्यांना तिथून मिळाली आणि आपल्या दहा थाटांमागे ती प्रेरणा आहे. भातखंड्यांच्या पद्धतीवर कितीही टीका होवो, एक गोष्ट मानावी लागेल: जे मिळाले ते त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून, चार खंडांत मांडून टाकले. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी मुत्तुस्वामी दीक्षितांच्या ‘वातापि’ कृतीतला हंसध्वनी मुंबईत ख्यालात आणला, आणि आज तो आपल्याला परका वाटतही नाही.

गाणे वाटून घेण्याची गोष्ट सांगताना ज्यांना ते वाटले गेले नाही त्यांनाही सांगायला हवे. ज्या घराण्यांतल्या स्त्रियांनी हे संगीत आणि नृत्य सांभाळले, त्यांनाच विसाव्या शतकात सभ्य समाजाच्या नावाखाली बाजूला सारले गेले. बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी स्वतःच्या पैशाने तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी बांधून घेतली आणि तिथल्या उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नव्हते म्हणून झुंज दिली. नादस्वरवादक देवळात आणि लग्नात वाजवत राहिले, सभांच्या संध्याकाळी मात्र उच्चवर्णीयांच्या झाल्या. गायक टी. एम. कृष्णा यांनी हे स्पष्ट बोलून दाखवले, सीझनमध्ये गाणे सोडले आणि २०१५ पासून बेझंटनगरजवळच्या उरुर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात संगीताचा उत्सव भरवण्यात पुढाकार घेतला. त्यांना म्युझिक अकादमीचा २०२४ चा ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान जाहीर झाला तेव्हा वाद पेटला. मी त्या वादात कृष्णांच्या बाजूची आहे. समुद्राच्या वाळूत, जाळ्यांशेजारी बसून ऐकलेले वर्णम् कुठल्याही वातानुकूलित सभागृहापेक्षा उणे नसते. महाराष्ट्रातही नायकिणींच्या घरांतून आलेले गाणे आपण घेतले आणि त्या घरांची नावे घ्यायला लाजलो. तेव्हा चेन्नईकडे बोट दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

सवाई डिसेंबरच्या मध्याला संपते आणि म्युझिक अकादमीची परिषद त्याच सुमारास सुरू होऊन १ जानेवारीपर्यंत चालते. पुण्याहून-मुंबईहून चेन्नईला थेट गाड्या आहेत. तेव्हा यंदा सवाईनंतर इकडे या. मैलापूरच्या आसपास खोली घ्या. पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माडवीथीतून भजनाची फेरी निघते, रचनाकार पापनाशम् शिवन यांनी वर्षानुवर्षे चालवलेली. तिच्या मागे चाला. सकाळी सप्रयोग व्याख्यान ऐका, दुपारी बारा वाजता त्या मुलीच्या कच्चेरीला बसा, जिला ऐकायला कोणी येत नाही. रिकाम्या खुर्च्या पुष्कळ असतील, पण ताल धरलेल्या एखाद्या मामींच्या शेजारची निवडा आणि राग कळला नाही तर खुशाल विचारा. आणि येताना एखादा अभंग पाठ करून या, अर्थासकट. तो तुम्हाला विचारला जाईलच.